बाबांचं बीपी आणि नेहरू पार्कातली कपालभाती

राजवाडा_इंदूर:
मंडळी, बाबा ६१ चे, बीपी १५०/९४ च्या आसपास, टेल्मिसार्टन ४० चालू आहे. रोज पहाटे नेहरू पार्कात ग्रुपबरोबर कपालभाती न भस्त्रिका घाम फुटेपर्यंत, मग गप्पा मारत दोन चकरा आणि येताना उसळ-पोहे, वरून मूठभर सेव. आता ग्रुपातल्या एका काकांनी डोक्यात भरवलंय की प्राणायाम करतोस तर गोळी कशाला. परवा प्राणायामानंतर लगेच मशीन लावलं, वरचं १३२ आलं, तर म्हणे बघ! संध्याकाळी परत १५२. आईशी रोज वाद. खरंच श्वासाने उतरतं का हो?

फिजिओताई:
उतरतं, पण बाबा करतायत त्याने नाही. भस्त्रिका-कपालभातीसारखे जोराचे प्रकार बीपी चढलेलं असताना नकोत, आणि श्वास कोंडून धरणं तर अजिबातच नको. हवा तो हळू श्वास, मिनिटाला साधारण ६. चार मोजेपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर, नाकाने, खुर्चीत बसून, रोज १५ मिनिटं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणारी व्यवस्था असते, ती हळू श्वासाने जास्त तल्लख होते न रक्तवाहिन्या जरा सैल पडतात. पण बसून लगेच आलेलं १३२ म्हणजे तेवढ्यापुरतं, त्यावरून गोळी बंद करायची नसते. ती कमी करायची तर डॉक्टरच करतील.

मेघदूत_वॉकर:
माझं सांगतो, ५४ वय. मीपण गप्पा मारत फिरायचो आणि त्यालाच व्यायाम समजायचो 😄 आता अर्धा तास जोरात चालतो, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटं झाली. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये एवढा दम लागला पाहिजे. घड्याळातल्या नाडीवर मी जात नाही कारण माझी बीटा ब्लॉकर चालू आहे, त्या गोळीने नाडी वाढतच नाही फारशी, आकडा गाठायच्या नादात माणूस उगाच जीव काढेल. आणि शेवटी एकदम बाकावर बसू नका, पाच मिनिटं सावकाश चाला, नाहीतर चक्कर येते, मला आलीये. डॉक्टर म्हणाले नियमित चालण्याने वरचा आकडा ५ ते ८ ने उतरू शकतो.

छप्पनवाला:
भिया, सेवेचं कोणी बोलतच नाहीये! दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, चहाचा एक चमचा फक्त. मूठभर सेव, मग जेवणात लोणचं-पापड, झालं की. इंदूरात राहून हे लिहितोय, समाज बहिष्कार टाकेल.

राजवाडा_इंदूर:
ताई, ती फुंकर मारायची मशीन का काय म्हणतात, त्याचा उपयोग?

फिजिओताई:
फुंकर नाही, उलट, श्वास आत ओढताना अडथळा देणारी. रोज ३० श्वास, पाच-दहा मिनिटांचं काम. २०२१ मध्ये कोलोराडो विद्यापीठाच्या अभ्यासात सहा आठवड्यांत वरचं सरासरी ९ ने उतरलं होतं, पण त्यात माणसं ३६ च होती, म्हणून लगेच विकत घ्यायला धावू नका. आधी मोजणं नीट करा, सकाळी गोळीच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसून, हात छातीच्या उंचीला, चहा अर्धा तास आधीपासून बंद, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. १८०/११० दिसलं तर त्या दिवशी व्यायाम नको, सरळ डॉक्टर. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं तर मात्र तडक हॉस्पिटल, थांबू नका.

राजवाडा_इंदूर:
वही आणली. बाबा गोळीला तयार झालेत, भस्त्रिका सोडायलाही. सेवेवर बोलणी चालू आहेत.