मदत हवी आहे: १४ फुटी जुनी ॲल्युमिनियमची बोट, रिव्हेटमधून गळती आणि कुजलेला ट्रान्सम

मिनेसोटाकर

नमस्कार मंडळी,

शेजारच्या आजोबांनी घर विकायला काढलं आणि जाता जाता त्यांची बोट ट्रेलरसकट आमच्या गळ्यात मारली. लुंड कंपनीची, १९६० च्या दशकातली, १४ फुटी, इथल्याच न्यूयॉर्क मिल्स गावात बनलेली (हो, मिनेसोटात न्यूयॉर्क मिल्स आहे). मे महिन्याच्या मध्याला इथे वॉलआय माशाचा हंगाम सुरू होतो, तोवर ती पाण्यात उतरावी एवढीच इच्छा आहे. आत्ता मार्च चालू आहे, गॅरेजला हीटर नाही.

परिस्थिती अशी. ट्रेलरवर ठेवूनच आत थोडं पाणी सोडलं आणि खाली आडवा होऊन पाहिलं. मधल्या किलच्या, म्हणजे तळाच्या लांब कण्याच्या, रांगेतले बरेच रिव्हेट ठिबकतात, शिवाय नाकाकडचा एक सांधाही. ठिबकणाऱ्या रिव्हेटभोवती काळपट धुरकट कडी आहे, कोरड्या रिव्हेटभोवती ती दिसत नाही. सांध्यावर कुणीतरी कधीकाळी सिलिकॉन फासलंय. नखाने टोक उचललं तर वीतभर पट्टी सालीसारखी सुटून आली आणि खाली पांढरी भुकटी.

तळाला हिरवट रंगाचं प्लायवूड टाकलेलं होतं, वाळवी-बुरशी लागू नये म्हणून औषध पाजलेलं. ते काढलं तर पत्र्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. एका ठिकाणी टॉर्च खालून लावला की उजेड दिसतो. ट्रान्सम, म्हणजे जिथे मोटर टांगतात ती मागची फळी, वरून धडधाकट दिसते. मोटरचा क्लॅम्प बसतो तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला.

जवळच्या वेल्डिंगवाल्याला फोटो दाखवले. त्याने पाहिले न पाहिले आणि "भंगारात द्या" म्हणाला. उलट व्हिडिओंमध्ये लोक ब्लोलॅम्पने कसल्याशा कांड्या वितळवून पाच मिनिटांत भोकं बुजवताना दिसतात. खरं कोणाचं मानायचं? रिव्हेट सगळे बदलावे लागतील का? पॉप रिव्हेट चालतील का, कारण ती गन माझ्याकडे आहे. आणि ट्रान्समला प्लायवूड कुठलं घ्यावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

खवचट_पुणेकर

हंगामाअखेरीस एकूण खर्च भागिले मासे असा हिशेब इथे टाकावा ही विनंती.

ओझरवाला

नोकरी एचएएलच्या विमान कारखान्यात ओझरला झाली, मिगच्या पत्र्यांवर रिव्हेट मारण्यात. मासेमारीतलं मला शून्य कळतं, पण तुमची बोट मला ओळखीची वाटते. अमेरिकेत या बोटींचा विमानांशी जुना संबंध आहे. दुसरं महायुद्ध संपताना लढाऊ विमानांच्या ऑर्डरी आटल्या आणि ग्रुमन कंपनीने तसाच पत्रा, तशीच रिव्हेटिंग वापरून ॲल्युमिनियमच्या कनू (वल्ह्याच्या हलक्या होड्या) बनवायला घेतल्या, १९४५ च्या सुमारास.

ती काळी कडी म्हणजे रिव्हेट हलतोय. सैल रिव्हेट पत्र्यावर घासतो, त्याची बारीक पूड बाहेर येते आणि काळी दिसते. खडूने तेवढ्यांवरच खुणा करा, बाकीच्यांना हात लावू नका. सगळे बदलायला गेलात तर चांगली छिद्रं बिघडवाल.

डोकं शाबूत असेल तर रिव्हेट काढायची गरज नाही, पुन्हा आवळता येतो. बाहेरून डोक्यावर जड डॉली (लोखंडी ठोकळा) दाबून धरायची, आतून शेपटीवर, म्हणजे रिव्हेटच्या दुसऱ्या टोकावर, हातोडी. हे दोन माणसांचं काम आहे, एकट्याने करू नका. ठोके हलके. जोरात मारलं तर रिव्हेटभोवतीचा पत्रा ताणला जातो आणि शेजारचे दोन सैल होतात.

जो काढायचाच आहे त्याच्या डोक्याच्या मधोमध पंच मारा, फक्त डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल करा, डोकं उडवा आणि उरलेला दांडा पंचने खाली पाडा. ड्रिल पत्र्यात जाता कामा नये. नवा भरीव रिव्हेट दोन्ही पत्रे ओलांडून व्यासाच्या दीडपट बाहेर यायला हवा. तुमच्याकडे बहुधा ३/१६ इंची असतील, म्हणजे साधारण सात मिलिमीटर. छिद्र मोठं झालं असेल तर पुढच्या मापाचा घ्या.

साधा पॉप रिव्हेट पोकळ असतो, पाणी त्याच्या पोटातून येतं. शिवाय आत राहणारा खिळा लोखंडी असला तर गंजतो. डॉली पोचतच नाही अशा जागी बंद तोंडाचा पॉप, सीलंट लावून. एरवी नाही.

कांड्यांचं म्हणाल तर त्या जस्ताच्या असतात, ४०० अंशांच्या आत वितळतात. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, म्हणून व्हिडिओत सोपं दिसतं. स्वच्छ, सुट्या तुकड्यावर जमतं. सहा दशकं तेल, चिखल आणि सिलिकॉन प्यालेल्या सांध्यावर चिकटणार नाही. वर उष्णतेने पत्र्याचा कडकपणा जातो तो वेगळाच. वेल्डिंगवाला भंगार म्हणाला ते त्याच्या धंद्यापुरतं बरोबर आहे, पातळ रिव्हेटेड पत्र्यावर वेल्डिंग केलं की तो वाकडा होतो. बोट भंगार नाही.

सरोवराकाठी (ऑन्टॅरिओ)

आमच्याकडे १२ फुटी आहे, याच सगळ्यातून गेलेय. ओझरवाल्या काकांनी रिव्हेटचं सांगितलंय, मी बाकीचं सांगते.

ते हिरवं प्लायवूड परत आत नको. औषधात तांबं असतं. तांबं, ओल आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की पत्रा खाल्ला जातो, तुमचे खड्डे तिथूनच आलेत. २००३ नंतरच्या लाकडात आर्सेनिक काढून तांबं वाढवलं, म्हणजे नवीन आणलंत तर आणखी वाईट. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो तांब्याचा ॲन्टीफाउलिंग रंगही याच कारणाने नको, आणि ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला त्याची गरजही नसते.

ट्रान्समला मरीन प्लाय, तो महाग वाटला तर चांगला एक्स्टिरिअर प्लाय. पाऊण इंची दोन थर इपॉक्सीने चिकटवून दीड इंच जाडी करा, आधी जुन्याची मापं घ्या. जुनी फळी चुरा झाली तरी फेकू नका, तिच्यावरून नवी आखायची आहे. कडा आणि बोल्टची छिद्रं इपॉक्सीने नीट माखा, लाकूड कुजायला सुरुवात तिथूनच होते. बोल्ट स्टेनलेस, पण ॲल्युमिनियमला टेकतात तिथे सीलंट किंवा टेफ-जेल (दोन धातूंमधला गंज रोखणारी पेस्ट) हवं.

सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही, अगदी नवं सिलिकॉनसुद्धा. खरवडून काढा, मग स्टेनलेसचा ब्रश. साध्या तारेचा ब्रश नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. रंग काढायला कॉस्टिकवालं रिमूव्हर तर अजिबात नको, ते ॲल्युमिनियमच खातं. रंग तेव्हाचा असेल तर शिसं असू शकतं, कोरडं घासण्याआधी टेस्ट किट वापरा. मग ॲसिटोनने पुसून त्याच बैठकीत आतून रिव्हेट आणि सांध्यांवर ग्लुव्हिट, हे पातळ इपॉक्सी आहे, बारीक फटीत उतरतं. घासल्यावर लगेच लावायचं, नाहीतर पत्र्यावर पुन्हा ऑक्साइड चढतं.

आरपार भोकाला आतून ५०५२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याचं ठिगळ, सीलंट आणि रिव्हेट. नुसत्या खड्ड्यांना इपॉक्सी पुट्टी पुरे.

मुरूडचा_नाखवा

आमच्या लाकडी होड्यांना फटीत कापूस ठोकतो, होडी पाण्यात गेली की फळी फुगून फट आवळते. पत्रा फुगत नाही, तेव्हा "पाण्यात टाकल्यावर बसेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि आत पाणी भरताना जपून भावा. एवढ्या बोटीत दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे चारपाचशे किलो. किलखाली आधार नसेल तर पत्रा पोट सोडेल.

मिनेसोटाकर

सर्वांचे मनापासून आभार. पाणी जेमतेम किल झाकेल इतकंच होतं, आता काढून टाकलंय.

काल बाकांचे पत्रे उघडले. आत पांढऱ्या थर्माकोलचे ठोकळे आहेत, कोपरे पाण्याने जड झालेत आणि एक तर आतून गोठलेला निघाला. तेही बदलतोय. दुकानात भिंतीसाठी मिळणारा गुलाबी फोम चालेल का? की बाकं रिकामीच ठेवू, वजन कमी होईल? आणि गॅरेजमध्ये सध्या चारपाच अंश असतात, इपॉक्सी सुकेल का?

सरोवराकाठी

बाकं रिकामी ठेवायची नाहीत! बोट भरली तर तुम्हाला वर धरणारं तेवढंच आहे. एक घनफूट फोम साधारण २७ किलो उचलतो. जुने ठोकळे मोजा, निदान तितकाच परत भरा. गुलाबी चालतो. फक्त तोही पॉलिस्टायरीनच, पेट्रोल सांडलं तर विरघळतो, त्यामुळे टाकी त्या बाकाखाली नको. ठोकळे तळाला टेकवू नका, खालून पाणी वाहून प्लगकडे, म्हणजे पाणी काढायच्या बुचाकडे, गेलं पाहिजे. प्लगवरून आठवलं, तुमच्या राज्यात रस्त्यावर बोट नेताना तो काढलेला असावा लागतो, दंड आहे.

इपॉक्सी चारपाच अंशांत धरणार नाही. ट्रान्समची फळी तळघरात करा. ग्लुव्हिट एप्रिलच्या उन्हाच्या दिवसासाठी ठेवा, ऊन लागून पत्रा कोमट झाला की ते फटीत छान उतरतं.

ओझरवाला

म्हणजे मार्चभर रिव्हेट. थंडीचं त्यांना काही नाही.

किलला हात लावण्याआधी भंगारातल्या दोन पट्ट्यांवर हात बसवून घ्या. डॉली धरणाऱ्यालाही सराव लागतो, ठोक्याबरोबर त्याची डॉली उडाली तर शेपटी तिरकी बसते. शेपटी व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच झाली की थांबायचं. फार चपटी झाली तर तडकते. पट्टीवर रांगेत दहाबारा मारा आणि दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, मग सांगतो किल सुरू करायची की नाही.