मदत हवी आहे: कॅल्शियम एकच, मग सिनॅप्स (दोन चेतापेशींमधला जोड) कधी बळकट आणि कधी कमजोर कसा?

मंडळी, न्यूरोसायन्सच्या सेमिनारसाठी एलटीपी (सिनॅप्स दीर्घकाळ बळकट होणं) आणि एलटीडी (दीर्घकाळ कमजोर होणं) घेतलंय. एलटीपी समजलं. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग) जोरदार उद्दीपन दिलं आणि प्रतिसाद कित्येक तास वाढलेला राहिला. एनएमडीए रिसेप्टर म्हणजे ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाने उघडणारं, कॅल्शियम आत सोडणारं दार. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियम आयन बूच मारून बसतो, पेशी डीपोलराइझ झाली (आतला ऋण विद्युतदाब कमी झाला) की तो निघतो, कॅल्शियम आत येतं, आणि सिनॅप्सवर रोजचा संदेश झेलणारे एएमपीए रिसेप्टर वाढतात.

घोडं पुढे अडतं. सेकंदाला एक या संथ गतीने ९०० पल्स दिले की एलटीडी होतं, आणि तेही एपी५ ने (एनएमडीए रिसेप्टर अडवणारं रसायन) बंद पडतं. म्हणजे दार तेच, आयनही तोच! 'कमी कॅल्शियम = एलटीडी, जास्त = एलटीपी' हे सगळीकडे वाचलं. पण जास्त कॅल्शियम आलं तर एलटीडीची यंत्रणाही चालू व्हायला हवी ना? ती गप्प का बसते? सरांनी नेमकं हेच विचारलंय.

आणखी एक: स्लाइसच्या (प्रयोगासाठी जिवंत ठेवलेला मेंदूचा पातळ काप) द्रावणात २ ते २.५ मिलिमोलर कॅल्शियम घालतात. जिवंत मेंदूत ते बरंच कमी असतं. मग हे निष्कर्ष कितपत धरायचे?

प्रतिसाद:
प्रश्न रास्त आहे. कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम थोड्याशा कॅल्शियमवरही जागं होतं. पीपी१ हेही फॉस्फेट काढणारं एन्झाइम, आणि इन्हिबिटर-१ हे प्रथिन फॉस्फेट लागलेलं असताना त्याला रोखून धरतं. कॅल्सिन्युरिन तो फॉस्फेट काढून पीपी१ ला मोकळं सोडतं. तिथून एलटीडी. कॅल्शियम झपकन आणि भरपूर आलं तर सीएएमकेटू हे फॉस्फेट लावणारं, एलटीपी घडवणारं एन्झाइम चालू होतं, शिवाय सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढून पीकेए हे फॉस्फेट लावणारं दुसरं एन्झाइम तोच इन्हिबिटर-१ पुन्हा फॉस्फोरिलेट करतं. पीपी१ ला कुलूप! म्हणून ती बाजू गप्प. सीएएमकेटू तर स्वतःलाच फॉस्फेट लावून घेतं, त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही काही काळ चालू राहतं.

द्रावणाबद्दलची शंका खरी आहे. कॅल्शियम ३ मिलिमोलर असताना सिनॅप्सच्या दोन्ही बाजूंच्या पेशींच्या एकेका स्पाइकच्या (विद्युत-स्पंदनाच्या) जोडीने एलटीपी मिळतं, १.३ वर त्याच जोडीने काहीच हाती लागत नाही. स्पाइक वाढवले किंवा वेग वाढवला तर पुन्हा मिळतं. सेमिनारमध्ये आलेख दाखवशील तिथे मॅग्नेशियमचा आकडाही लिही. तो शून्य केला की स्लाइस मिरगी आल्यासारखी वागते, आणि हा प्रश्न तुला हमखास येणार.