मदत हवी आहे: रस्त्यावरच्या कुत्र्यांचं रेस्क्यू सोडवत नाही आणि आता झेपतही नाही

पल्लवी_के:
घाईत लिहितेय. पार्वोत (कुत्र्याच्या पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार) पिल्लांचं अख्खं वेत गेलं. शेवटचं पिल्लू काल पहाटे, सलाईन चालू होतं, मान उचलता येत नव्हती पण मी जवळ गेले तर शेपटी हलली. तेव्हापासून घास उतरत नाहीये आणि फोन तसाच वाजतोय, "मॅडम, इथे पिल्लू पडलंय, घेऊन जा", जरा थांबा म्हटलं की फोन करणाऱ्यांना ऑफिसला उशीर होतो. नाही म्हटलं तर रात्रभर तेच पिल्लू डोळ्यांसमोर. हे काम करून स्वतःला कसं सांभाळता? "सोडून दे" नको, घरचे रोज म्हणतात.

माधव७१:
गाव कुठलं? एकट्याच करता की ग्रुप आहे? पिल्लं घरातच ठेवता का?

शेतकरीपुत्र:
पार्वोचा विषाणू जागेवर महिनोनमहिने टिकतो, फिनेलने जात नाही, ब्लीचच लागतं. लस न झालेलं पिल्लू त्या जागी आणूच नका.

पल्लवी_के:
ब्लीचच वापरते हो, प्रश्न तो नाहीये. नाशिक. एकटीच, नोकरी सांभाळून.

नीलिमा_जो:
नाशिक म्हणजे इगतपुरी जवळच! विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करा, फोन पहिल्याच दिवशी जमा करतात. माझं आयुष्य बदललं.

गुरांचा_डॉक्टर:
नीलिमाताई, जेवण-झोप गेलेल्या माणसाला थेट दहा दिवस मौनात बसवू नका. पल्लवीताई, पार्वोत वेळेवर उपचार करूनही पिल्लं जातात, आमच्या दवाखान्यातही जातात, ते तुमच्या हातून गेलं असं नाही. या थकव्याला कंपॅशन फटीग म्हणतात, आम्हा व्हेट लोकांनाही तो गाठतो. टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, २४ तास चालू असतं, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तरी झोप येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच.

नीलिमा_जो:
मी अनुभवावरूनच सांगितलं. गोळ्यांच्या मागे लावण्यापेक्षा बरं.

गुरांचा_डॉक्टर:
गोळ्या कोणी सुचवल्या? आधी बोलू तरी देत त्यांना.

स्पष्टवक्ता:
मूळ दुखणं नसबंदीचं आहे. २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियमांत ती जबाबदारी पालिकेवर टाकलीये, तुम्ही का मरताय?

माधव७१:
तो वाद दुसऱ्या धाग्यावर काढा. पल्लवी, रेबीजची चावण्याआधी घ्यायची लस घेतलीये का? ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असते. चावलं तर मग दोनच डोस लागतात, ०, ३.

मांजरमावशी:
अगं, तू एकटी आहेस ना, तेच खरं दुखणं. आम्ही तिघींनी वार वाटून घेतलेत, माझा वार नसेल तर मी फोन उचलतच नाही. आधी फार अपराधी वाटायचं, अजूनही कधीकधी वाटतं, पण उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर अवे मेसेज (आपोआप जाणारं उत्तर) लाव: पिल्लू सावलीत हलवा, फोटो आणि लोकेशन पाठवा, माणूस येईपर्यंत तिथेच थांबा. निम्मे लोक खरंच थांबतात. आणि आधी काहीतरी खा गं, वरणभात तरी.

पल्लवी_के:
१४४१६ आज लावते. मावशी, नाशिकरोडला वार वाटून घेणारं कोणी ओळखीचं आहे का? आणि तो अवे मेसेज फक्त रात्रीपुरता लावता येतो का?