मदत हवी आहे: पारंपरिक लुथरन चर्चच्या उपासनेला पहिल्यांदाच जाणार आहोत

नमस्कार मंडळी,

ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या मुलीचं चर्चमध्ये दृढीकरण (कन्फर्मेशन) आहे. रविवारच्या नेहमीच्या उपासनेतच तो विधी होणार आहे आणि तिनं आम्हा तिघांना (मी, नवरा, सहा वर्षांची लेक) आग्रहानं बोलावलंय. चर्च लुथरन आहे, आणि तिच्याच शब्दांत "अगदी जुन्या वळणाचं, गिटार-ड्रम काही नाही". आम्ही ख्रिस्ती नाही. चर्चं पाहिली आहेत ती पर्यटक म्हणून, चालू उपासनेत कधी बसलो नाही.

मैत्रिणीला विचारलं तर म्हणते, "या नि बसा, त्यात काय!" तिला लहानपणापासूनची सवय, तिला काय वाटणार. सारखी उठबस असते म्हणे, ती कधी करायची हे कसं कळतं? सगळे मिळून काही म्हणतात तेव्हा गप्प राहिलं तर चालतं का? आणि मुख्य म्हणजे ती भाकर आणि द्राक्षारस. आमची पाळी आली तर काय करायचं? घेतलं तर चूक आणि नाही घेतलं तर उद्धटपणा, असं तर नाही ना? कपडे, पैसे, फोटो याबद्दलही सांगा. नेटवर वाचलं, पण दर ठिकाणी वेगळंच लिहिलंय.

प्रतिसाद १

मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी: प्रभुभोजन, म्हणजे ती भाकर आणि द्राक्षारस, घेऊ नका, आणि न घेण्यात उद्धटपणा अजिबात नाही. बाप्तिस्मा न झालेल्यांनी ते घ्यावं अशी अपेक्षाच नसते. उलट अनेक लुथरन मंडळ्या इतर पंथांच्या ख्रिस्ती लोकांनाही देत नाहीत. अमेरिकेतल्या मिसूरी सिनॉड किंवा विस्कॉन्सिन सिनॉड या लुथरन संघटनांच्या चर्चमध्ये आपल्या शिकवणीशी सहमत असलेल्यांनाच ते देण्याची रीत आहे. तिथल्याच इव्हँजेलिकल लुथरन चर्चमध्ये मात्र बाप्तिस्मा झालेल्या कुणाचंही स्वागत असतं. तुम्हाला नेटवर वेगवेगळं वाचायला मिळालं ते यामुळेच. त्या चर्चचा नियम बहुधा दारात मिळणाऱ्या पत्रिकेत छापलेला असतो.

एवढा काटेकोरपणा का, तर लुथरन लोकांच्या लेखी ती नुसती आठवण नाही. भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर असतं असं ते मानतात. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला लुथर (ज्याच्या नावावरून हा पंथ) आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंगली यांची बैठक झाली, तेव्हा पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जमलं आणि फिसकटलं ते नेमकं यावर. त्यामुळे तुम्ही जागेवर बसून राहिलात तर त्यांना वाईट वाटायचं कारण नाही, तुम्ही त्यांची गोष्ट गांभीर्यानं घेतलीत असाच अर्थ होतो. बाकावरच्या लोकांना जायला वाट द्या, झालं.

उठबशीची काळजी सोडा. पत्रिकेत "उभे राहा", "बसा" लिहिलेलं असतं. शिवाय पुढच्या रांगा टाळून मधल्या बाकांवर बसा, म्हणजे समोरचे उठले की कळतं. शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) वाचनाला सगळे उभे राहतात, आधीची वाचनं बसून ऐकतात. उभं राहणं हा निव्वळ शिष्टाचार आहे, तेवढं जरूर करा. गुडघे टेकणं, क्रूसाची खूण करणं मात्र तुमच्यासाठी नाही. तेही सगळे करत नाहीत.

गप्प राहिलं तर चालतं. पाहुण्यांना सगळ्यात चमकायला होतं ते सुरुवातीलाच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं आरंभ होतो आणि लगेच सगळी मंडळी एकत्र पापांगीकार करते. चांगले कपडे घालून आलेली हसतमुख माणसं एका सुरात "आम्ही पापी आहोत" म्हणतात, आणि पाळक पुढच्याच क्षणी पापक्षमा जाहीर करतात. पुढचं सगळं त्या क्षमेच्या जोरावर चालतं. मग दया मागणारं गीत, गौरवगीत, वाचनं, प्रवचन, विश्वासांगीकार, प्रार्थना, दानार्पण आणि प्रभुभोजन. शेवटी अहरोनाचा आशीर्वाद, जो बायबलात गणनाच्या सहाव्या अध्यायात आहे. दर रविवारी सांगाडा हाच. बदलतात ती वाचनं, गीतं आणि वेदीवरच्या कापडाचा रंग. रंग लाल दिसला तर दचकू नका, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) आणि धर्मसुधारणेच्या दिवशी तो असतोच, दृढीकरणालाही बरेच ठिकाणी वापरतात.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद छान. एक भर: आत गेल्यावर "अरे, हे तर कॅथलिक चर्च!" असं वाटण्याची शक्यता आहे. झगा घातलेले पाळक, मेणबत्त्या, वेदीवर क्रूसावरचा येशू, गाऊन म्हटलेल्या प्रार्थना. लुथरनं जुनी उपासना मोडीत काढली नव्हती. १५२३ मध्ये त्यानं लॅटिन मिस्सा (प्रभुभोजनाची जुनी उपासना) दुरुस्त केली आणि १५२६ मध्ये जर्मन भाषेतली दिली. १५३० च्या ऑग्सबर्गच्या कबुलीजबाबात, म्हणजे लुथरन विश्वासाच्या मूळ जाहीरनाम्यात, तर स्पष्ट म्हटलंय की आम्ही मिस्सा रद्द केलेली नाही. पण संतांकडे प्रार्थना नाही, पोप नाही, आणि पाळकांची बायको-मुलं बहुधा तुमच्या शेजारच्या बाकावर असतील.

संगीत मात्र मनापासून ऐका. फळ्यावर आकडे दिसतील, ते गीतपुस्तकातले क्रमांक. ऑर्गन आधी चाल वाजवून दाखवतो, मग लोक गातात, आणि अनेक मंडळ्यांमध्ये चार आवाजांत गातात. सहा-सात कडवी असली तरी एकही गाळत नाहीत! शेवटच्या कडव्यात त्रैक्याची (पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांची) स्तुती असेल तर काही ठिकाणी सगळे अचानक उभे राहतात, तेव्हा गोंधळू नका.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार, निम्मं टेन्शन गेलं. लेकीचं काय करू? प्रभुभोजनाच्या वेळी लहान मुलं पुढे जाऊन आशीर्वाद घेतात असं वाचलं. तिला पाठवू का? आणि दृढीकरणात नक्की काय होतं?

प्रतिसाद १

छातीवर हातांची फुली करून पुढे गेलं की पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मोठेही जाऊ शकतात.

प्रतिसाद २

इथे मी असहमत. पद्धत आहे, पण सगळीकडे नाही, आणि सहा वर्षांच्या पोरीच्या हातात कुणी घाईघाईत भाकरीची चकती ठेवली तर पंचाईत. मैत्रिणीला आधी विचारा, नाहीतर सरळ बसून राहा.

दृढीकरणाबद्दल: लहानपणी आईवडिलांनी बाप्तिस्मा दिलेला असतो. साधारण चौदाच्या आसपास मुलं तो विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करतात. त्याआधी त्यांचे वर्ग होतात, लुथरचं १५२९ मधलं छोटं प्रश्नोत्तरीचं पुस्तक शिकवतात. त्या दिवशी पाळक प्रश्न विचारतात, मुलं उत्तर देतात, मग एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला बायबलमधलं एक वचन दिलं जातं. तिचं वचन कोणतं ते लक्षात ठेवा, शुभेच्छापत्रात लिहिलंत तर मैत्रीण खूश होईल.

प्रतिसाद ३

राहिलेलं पटकन: कपडे नीटनेटके, भपका नको. बूट काढायचे नाहीत. दानाची थैली किंवा ताटली आली तर पुढे सरकवली तरी चालतं, पाहुण्यांकडे कुणी बघत नाही. पाहुण्यांची वही आली तर नाव लिहिणं ऐच्छिक, पत्ता दिलात तर मात्र पुढच्या आठवड्यात स्वागताचं पत्र येऊ शकतं. फोटो उपासनेनंतर, मुलं पाळकांबरोबर वेदीजवळ उभी राहतात तेव्हाच काढा. दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. आधी लोक शांत बसलेले असतात, त्याला अबोला समजू नका, खऱ्या गप्पा नंतर कॉफीवर होतात. वेळ साधारण सव्वा तास धरा, दृढीकरण आहे म्हणजे थोडा जास्तच. लेकीसाठी चित्रांची वही न्या आणि कडेची जागा पकडा, कंटाळली तर उठून बाहेर जाता येईल.

धागाकर्ती

मैत्रिणीला विचारलं. त्यांच्याकडे मुलांना आशीर्वाद देतात, पण आईवडिलांपैकी एकानं बरोबर यायचं. नवरा जायला तयार झालाय.