अनुभव धागा: स्वतःचा धंदा, पण घरात किती येतात?

आपल्या नागपुरातल्या इतवारीतला ठोक व्यापारी, सदरमधला सीए, बर्डीच्या फूटपाथवर मोजे विकणारा दादा, घरून डबे देणारी ताई. श्रमबलाच्या सरकारी पाहणीत हे सगळे स्वयंरोजगारी. त्यात तीन पोटप्रकार आहेत: एकट्याच्या बळावर काम करणारे, पगारी माणसं ठेवणारे मालक, आणि घरच्या धंद्यात बिनपैशाने राबणारे. या तिघांच्या मिळकतीत केवढं अंतर आहे यावर आपण मोकळेपणी बोलत नाही, आणि नवीन पोरं दुसऱ्याचा गल्ला पाहून धंद्यात उतरतात. म्हणून सांगा, सगळा खर्च वजा जाता घरात किती येतात? नाव नको, काम आणि वस्ती पुरे.

कूलर दुरुस्ती, मानेवाडा
होळी झाली का फोन थांबत नाही. मार्च ते मे महिन्याला ५० हजारांच्या वर पडतात. पंप बदला, गवत बदला, मोटर भरून द्या, रात्री १० वाजेपर्यंत चालू. जूनमध्ये पाणी आलं का सगळं ठप्प. मग वायरिंगची किरकोळ कामं, त्यात ८-१० हजार सुटले तरी खूप. वर्षाची सरासरी २० हजारांच्या आसपास बसते. लोक उन्हाळ्यात पाहतात अन् म्हणतात, भाऊ, तुमचं तर जोरात चालून राहिलं.

(धागा काढणारी ताई: दादा, हे फार महत्त्वाचं आहे. त्या पाहणीतही स्वयंरोजगाऱ्यांना मागच्या ३० दिवसांचीच मिळकत विचारतात. इथे मात्र सगळ्यांनी वर्षाची सरासरी लिहा.)

किराणा, महाल
महिन्याची विक्री साडेचार लाख. ऐकायला मोठं वाटतं, पण तेल-साखरेत काहीच उरत नाही, जे सुटतं ते मसाले अन् बिस्किटांत. वीज, हमाली, बुडालेली उधारी काढली की ३० हजार. दुकान वडिलांचं आहे म्हणून भाडं नाही.

सीए, धरमपेठ
वरच्या अनुभवाला जोडून सांगतो. आयकराच्या अनुमानित योजनेत, म्हणजे खर्चाचा बारीक हिशेब न मागता ठरावीक टक्के नफा धरतात त्या योजनेत, छोट्या व्यापाऱ्याचं उत्पन्न उलाढालीच्या किमान ८ टक्के धरतात, पैसे बँकेतून आले असतील तर ६ टक्के. डॉक्टर, वकील, सीए, वास्तुविशारद यांच्यासाठी तेच फीच्या किमान ५० टक्के. माझ्या ऑफिसात माल भरावा लागत नाही, खराब होत नाही. वर्षाला १० लाखांची फी आली तर निम्मी सहज उरते. तेवढेच ५ लाख उरवायला किराणावाल्याला ६० लाखांच्या वर विक्री करावी लागते.

फॅब्रिकेशन, हिंगणा एमआयडीसी
सहा कामगार आहेत. चांगल्या वर्षी १२ लाख उरतात, पण घर बँकेकडे तारण आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. एका मोठ्या ग्राहकाने पाच महिने लावले. कायद्याचं नाव काढलं तर पुढची ऑर्डर जाते. त्या काळात कामगारांचे पगार एकदाही चुकवले नाहीत, स्वतः मात्र काही घेतलं नाही.

मोजे-रुमाल, बर्डी
१२-१४ हजार. २०२० च्या लॉकडाउननंतर फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी स्वनिधी योजनेतून १० हजारांचं कर्ज मिळालं, तेव्हापासून रोजच्या व्याजाचा माल उचलणं बंद केलं. फरक लगेच पडला.

सावजी भोजनालय, तांडापेठ
मी धागा काढणाऱ्या ताईंनी लिहिलेल्या तिसऱ्या प्रकारातली, घरच्या धंद्यात बिनपैशाने राबणारी. पहाटे मसाला भाजणं-वाटणं माझ्याकडे, दुपारचा रस्सा माझ्याकडे. परवाना सासऱ्यांच्या नावावर, हिशेब दिरांकडे. माझी कमाई शून्य. स्वतःचं छोटं मसाल्याचं काम काढायला बँकेत गेले तर पहिला प्रश्न उत्पन्नाचा पुरावा. स्वयंपाकाला माणूस ठेवला असता तर १५ हजारांखाली कोणी उभं राहिलं नसतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

किराणा, महाल
काकू, तुमचं वाचून परत लिहितो. दुपारी १ ते ५ माझी बायको गल्ल्यावर असते, सणाला पोट्टंही. म्हणजे ते ३० हजार एकट्याचे नाहीत. तिच्या तासांची मजुरी काढली तर माझ्याकडे विसेक हजार उरतात. गांधीबागेत सेल्समन होतो तेव्हाही जवळपास एवढेच पडत होते.

धागा काढणारी ताई: भोजनालयाच्या काकू, तुमचा मसाला कोणत्या नावाने विकायचा विचार आहे ते जरूर कळवा, इथे घेणारे निघतील. कळमन्यातले अडते, ऑटोवाले, काटोलकडचे संत्रा बागायतदार अजून आले नाहीत. लिहिताना घरातली किती माणसं त्या कमाईमागे आहेत, तेही लिहा.