लांडग्यावरचा धनुर्धर : रविवारच्या खेळाच्या गटावरील चर्चा

ए-७०२
सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी क्लबहाउसमध्ये पाथफाइंडर या फासे टाकून पात्रांच्या भूमिका खेळण्याच्या खेळाचा नवा डाव सुरू होत आहे आणि मला पहिल्यांदाच स्वतःचे पात्र तयार करायचे आहे. लांडग्यावर बसून बाण मारणारा गॉब्लिन (खेळातल्या कल्पित जगातली एक बुटकी जमात), एवढेच मनाशी ठरले आहे. बाकी काहीच ठरलेले नाही. पहिल्या लेव्हलला (पातळीला) मिळणारी एकमेव फीट, म्हणजे खास कसब, ‘माउंटेड आर्चरी’ (स्वारीवरून धनुर्विद्या) असावी, असे तिच्या नावावरून वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

सी-१०४ (गेममास्टर)
डाव चालवणारा म्हणून आधी चौकट सांगून ठेवतो, म्हणजे टेबलावर वाद होणार नाहीत. आपण पहिली आवृत्ती खेळतो. २००९ चे मूळ नियमपुस्तक, प्राण्यांचे ‘बेस्टियरी’ आणि २०१० चे ‘ॲडव्हान्स्ड प्लेयर्स गाइड’ एवढीच पुस्तके चालतील. पात्राच्या गुणांची (स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा वगैरे) खरेदी १५ पॉइंटांची राहील. सुरुवातीच्या रकमेसाठी फासे न टाकता सरासरी धरू, म्हणजे स्वाराला १७५ सोन्याची नाणी मिळतील.

बी-२०३
माउंटेड आर्चरी इतक्यात नको. एक तर ती घेण्याआधी ‘माउंटेड कॉम्बॅट’ ही दुसरी फीट असावी लागते, त्यामुळे एकाच फीटमध्ये ती तुला मिळणारच नाही. आणि ज्या अडचणीवर ती उतारा आहे, ती अडचण लांडग्याच्या स्वाराला सुरुवातीला क्वचितच येते. वाहनाने, म्हणजे बसायच्या जनावराने, लढाईच्या एका फेरीत दुप्पट चाल केली तर स्वाराच्या नेमाच्या बेरजेतून ४ वजा होतात, ते चौपट धावले तर ८ वजा होतात आणि ही फीट ती वजावट निम्म्यावर आणते, असा नियम आहे. वाहन एकपटच चालले तर मात्र काहीच वजा होत नाही. लांडग्याची एकपट चाल ५० फुटांची आहे, तर पायी चालणाऱ्या माणसाची ३० फुटांची. बहुतेक लढायांत तुला दुप्पट चालीची गरज पडणार नाही, मग त्या फीटचे करायचे काय?

खरी मेख दुसरीकडे आहे आणि नवीन खेळाडूंची ती हमखास वाचायची राहून जाते. तलवार चालवणाऱ्या स्वाराचे वाहन ५ फुटांपेक्षा जास्त हलले, की त्याच्या वाट्याला एकच वार येतो. धनुर्धराला ही अट लागू नाही. वाहन चालत असतानाही तो त्या फेरीतले आपले सगळे बाण मारू शकतो. पुढे फेरीत एक जादा बाण देणारी ‘रॅपिड शॉट’ ही फीट आली, की पायी धनुर्धराला दोन बाणांसाठी जवळपास जागेवरच उभे राहावे लागेल, आणि तू मात्र तेच दोन बाण मारून शिवाय ५० फूट दूर गेलेला असशील. स्वार धनुर्धर करण्यात जो काही फायदा आहे, तो बहुतांशी या एका नियमातून येतो.

डी-५०१
मी हा खेळ खेळलेलो नाही, परंतु तरुणपणी दोन वर्षे नियमाने घोड्यावर बसलो आहे, म्हणून विचारतो. धनुष्याला दोन्ही हात लागतात. मग लगाम कोणाच्या हातात असतो?

सी-१०४ (गेममास्टर)
काका, नियमांतही हा प्रश्न आहे. लगाम सोडून गुडघ्यांनी वाहन वळवायचे असेल, तर स्वारीच्या कौशल्याची चाचणी द्यावी लागते. २० बाजूंचा फासा आणि आपले कौशल्य यांची बेरीज ५ भरली की झाले. लढाईसाठी शिकवलेल्या वाहनावरून आपणही लढायचे असेल तर १० लागतात, आणि न शिकवलेल्या वाहनाला लढाईत आवरायचे असेल तर २०.

डी-५०१
म्हणजे नियम लिहिणाऱ्याला घोडा ठाऊक असावा. मांड पक्की असेल तर जनावर मांडीच्या दाबाने वळते. लगाम हा कच्च्या स्वाराचा आधार असतो.

बी-२०३
काका, या गॉब्लिनची मांड जन्मजातच पक्की असते. गॉब्लिनला डेक्स्टेरिटीत ४ वाढवून मिळतात, स्ट्रेंग्थ आणि करिष्मा यांत प्रत्येकी २ कमी होतात, आणि स्वारी व लपणे या दोन कौशल्यांत वंशाचे ४ मिळतात. १५ पॉइंटांतले १० खर्चून डेक्स्टेरिटी १६ घेतली की ती २० होते. मग स्वारीचा हिशेब असा: एक रँक (कौशल्यात घातलेला एक पॉइंट), कॅव्हेलियर या स्वार योद्ध्याच्या क्लासच्या (पेशाच्या) कौशल्याचे ३, डेक्स्टेरिटी २० चे ५ आणि वंशाचे ४, मिळून पहिल्याच लेव्हलला १३. वर काकांनी विचारलेल्या गुडघ्यांसाठी फासा टाकायचीही गरज नाही.

एक खबरदारी घे. स्ट्रेंग्थ १० वर सोडलीस तर ती ८ होईल आणि प्रत्येक बाणाच्या इजेतून १ वजा होत राहील. गॉब्लिनच्या आकाराच्या आखूड धनुष्याची इजा चार बाजूंच्या फाशाएवढी, म्हणजे सरासरी अडीच असते. त्यातून १ गेला तर उरते काय? म्हणून स्ट्रेंग्थ १२ घे, ती १० वर येईल. कॉन्स्टिट्यूशन आणि विस्डम प्रत्येकी १२, इंटेलिजन्स १०, करिष्मा ९, म्हणजे १५ पॉइंट बरोबर जुळतात.

ए-६०३
माझे मत थोडे वेगळे आहे. बाण मारायचे असतील तर क्लास रेंजरच (रानातला शिकारी योद्धा) हवा. त्याला दुसऱ्या लेव्हलला धनुर्विद्येची जादा फीट मिळते, तीही पूर्वअटींशिवाय. कॅव्हेलियरचे ‘आव्हान’ (एका शत्रूला निवडून ललकारणे) फक्त हातघाईच्या वारांची इजा वाढवते आणि तिसऱ्या लेव्हलपासून त्याचा भर भाला रोखून धावून जाण्यावर असतो. धनुर्धराने त्याच्या दारात कशाला जावे?

बी-२०३
आव्हानाबद्दलचा तुमचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. ते वाया जाते आणि त्याचे मलाही वाईट वाटते. परंतु रेंजरला प्राणी सोबती चौथ्या लेव्हलला मिळतो आणि तोही तीन लेव्हल मागे असलेला, म्हणजे त्या वेळी जेमतेम पहिल्या लेव्हलचा. आपला डाव महिन्यातून एकदा भरतो. हे पात्र चौथ्या लेव्हलला पोहोचेपर्यंत पुढची दिवाळी उजाडेल आणि तोवर लांडग्यावरचा गॉब्लिन पायीच हिंडेल. छोट्या आकाराच्या कॅव्हेलियरला पहिल्या दिवसापासून तट्टू किंवा लांडगा निवडता येतो, तो लढाईला शिकवलेला असतो आणि हलके चिलखत वापरण्याची फीट घेऊनच येतो.

ए-६०३
तोपर्यंत गॉब्लिन डॉग विकत घ्यावा. चाल त्याचीही ५० फूट आहे.

सी-१०४ (गेममास्टर)
त्याला माझी हरकत नाही, मात्र इतर खेळाडूंनी आधी विचार करावा. नावात कुत्रा असला तरी ते उंदराच्या जातीचे जनावर आहे. गॉब्लिनच्या कुळाबाहेरच्या कोणी त्याला हात लावला आणि चाचणी हुकली, तर अंगभर खाज सुटते आणि दिवसभर डेक्स्टेरिटी व करिष्मा २ ने घटतात. तट्टूचे म्हणाल तर या जगातल्या गॉब्लिनांना घोड्यांचा आणि कुत्र्यांचा मनापासून तिटकारा असतो, त्यामुळे लांडगाच शोभतो.

ए-७०२
ताई, कॅव्हेलियर ठरला. मग पहिली फीट ‘पॉइंट ब्लँक शॉट’ घेऊ का? ३० फुटांच्या आत नेम आणि इजा दोन्ही १ ने वाढतात.

बी-२०३
ती तिसऱ्या लेव्हलला घे. आधी माउंटेड कॉम्बॅट. तुझ्या लांडग्याला साधारण १३ हिट पॉइंट (इजा सोसण्याची क्षमता) असतील आणि त्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा, १४. शहाणा शत्रू तुझ्यावर बाण वाया घालवणार नाही, तो लांडगा मारेल आणि तू ३० फूट चालणारा एक बुटका धनुर्धर होऊन राहशील. या फीटमुळे लांडग्याला वार लागला, की फेरीतून एकदा तुला स्वारीची चाचणी देऊन तो चुकवता येतो. तुझी बेरीज शत्रूच्या बेरजेपेक्षा जास्त भरली पाहिजे. त्याची १८ आली, तर तुला फाशावर ६ पुरतात. ज्या कौशल्यात तू पहिल्या दिवशीच इतका तयार आहेस, तेच ढाल म्हणून वापरता येत असताना दुसरी फीट आधी घेणे मला पटत नाही. नेमाची तुला चिंता नाही: लढाईच्या सरावाचा १, डेक्स्टेरिटीचे ५ आणि लहान आकाराचा १, असे ७ आताच आहेत.

धनुष्याबद्दलही सांगते. साधे लांब धनुष्य वाहनावरून वापरता येत नाही, ‘कॉम्पोझिट’ (वेगवेगळे थर जोडून केलेले) मात्र येते. त्याची किंमत १०० नाणी आहे, पण तुझ्या आकारातही इजा सहा बाजूंच्या फाशाची होते आणि पल्ल्याचा टप्पा ११० फुटांचा मिळतो. पैसे वाचवायचे तर खोगिरात वाचव. वेगळ्या जनावरासाठीचे लढाईचे खोगीर ६० नाण्यांना पडते आणि बसून राहण्यासाठी २ जादा देते, ज्यांची तुला बेशुद्ध पडल्याखेरीज गरज नाही. स्वारीचे साधे खोगीर ३० नाण्यांत येते. वाचलेल्या ३० मधून लांडग्याला २० नाण्यांचे चामडी चिलखत घाल, म्हणजे त्याचा आर्मर क्लास १६ होईल. स्वतःलाही १० नाण्यांचे चामडीच घे; कॅव्हेलियरला जड चिलखत चालते हे खरे, पण ते वजन शेवटी लांडग्यालाच वाहायचे आहे.

डी-५०१
खोगिरात काटकसर करावी, हे मात्र मी कधीच कोणाला सुचवणार नाही.

सी-१०४ (गेममास्टर)
काकांचा आक्षेप नोंदवून घेतला. पुढचेही आताच सांगून ठेवतो: सातव्या लेव्हलला हा लांडगा आकाराने मोठा होईल आणि १० फूट रुंद जागा व्यापेल. माझ्या तळघरांतले पुष्कळसे बोळ ५ फुटांचे आहेत. तिथे तो अंग चोरून चालेल आणि त्या वेळी त्याचा नेम व आर्मर क्लास ४ ने कमी धरले जातील. त्या प्रसंगी उतरायचे की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा.

ए-७०२
हिशेब मांडला. धनुष्य १००, खोगीर ३०, दोन्ही चिलखते मिळून ३० आणि ६० बाणांचे ३, एकूण १६३. १२ नाणी उरतात. दोरखंड घेऊ की आणखी काही?

बी-२०३
आधी आणखी ६० बाण घे. लागलेला बाण परत मिळत नाही आणि चुकलेल्यांतला प्रत्येक दुसरा मोडतो. उरलेल्या ९ नाण्यांत दोरखंड येईल.