जोतिबाच्या गुलालाने मंदिराचा दगड झाकावा का?

करवीरकर (मूळ मांडणी)

माघातल्या पाच खेट्यांपैकी (रविवारी अनवाणी चालत जोतिबाला जाण्याच्या फेऱ्यांपैकी) तिसऱ्या रविवारी मी आणि माझा मुलगा पहाटेच्या अंधारात अनवाणी निघालो, आणि वडणगे, निगवे, कुशिरे ओलांडून गायमुखाची चढण चढत जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला पोहोचलो. रत्नासुराचा वध करून केदारनाथ म्हणजेच जोतिबा हिमालयाकडे परत निघाले, तेव्हा अंबाबाई त्यांना थांबवण्यासाठी अनवाणी चालत गेली, म्हणून करवीरकरांनी, म्हणजे कोल्हापूरकरांनी, हे खेटे घालायचे, अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. दर्शन उत्तम झाले. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या मुलाने सहज एका कोरीव पट्टीवरून नख फिरवले, तेव्हा गुलाबी पापुद्रा निघाला, त्याखाली आणखी एक पापुद्रा, आणि त्याखाली काळ्या दगडात कोरलेल्या वेलीची केसाएवढी रेघ दिसली. ही नक्षी कुणी बुजवली, असे त्याने विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण थोड्या वेळापूर्वी त्याच भिंतीकडे मीही गुलाल उधळला होता.

किवळच्या नावजी साया या भक्ताने येथे मूळ मंदिर बांधले असे सांगतात. आज दिसणारे मोठे मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० साली उभारले, तर शेजारचे केदारेश्वराचे दौलतराव शिंदे यांनी १८०८ साली बांधले. एवढ्या लोकांनी घडवलेला दगड आपण पोत्यांनी गुलाल ओतून झाकावा, हे मला पटत नाही. गुलाल यात्रेत नाचवल्या जाणाऱ्या उंच सासनकाठीवर उधळावा, एकमेकांच्या कपाळी लावावा, देवाच्या पायाशी चिमूटभर वाहावा; मात्र भिंती, खांब आणि शिखरे त्यातून वगळावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

डोंगरवाडीकर

आपण वर्षातून चार वेळा डोंगरावर येता. आमचा जन्मच येथला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. जोतिबाचे देऊळ वस्तुसंग्रहालय नव्हे. वेलीची रेघ दिसावी म्हणून कोणी कऱ्हाड-साताऱ्याकडून काठी घेऊन चालत येत नाही. तो येतो ते चांगभलं म्हणत गुलालात न्हाऊन निघण्यासाठी. तो गुलाल असुरावरच्या विजयाचा आहे (निवडणूक जिंकली की आपणही तोच उधळतो, तेव्हा कुणाला भिंतींची आठवण होत नाही). शिवाय परंपरेने स्वच्छतेची सोयही करून ठेवली आहे. चैत्र यात्रेनंतर पाकाळणी होते आणि मंदिर धुऊन निघते. ज्यांनी गुलाल सांगितला त्यांनीच पाणीही सांगितले, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

काळा_पाषाण

मी बांधकामाच्या व्यवसायात आहे. डोंगरवाडीकरांचा पाकाळणीचा मुद्दा मला मान्य आहे, पण ती रूढी पडली तेव्हाचा गुलाल आणि आजचा गुलाल यांत फरक असणार. आज बाजारात मिळणारा बराचसा गुलाल मक्याच्या स्टार्चमध्ये किंवा शंखजिऱ्याच्या भुकटीत कारखान्यातला रंग मिसळून केलेला असतो. स्टार्चवर पाणी पडले की त्याची खळ होते, आणि ती वाहून जाण्याऐवजी कोरीव कामाच्या खाचांत बसते. पन्हाळ्याच्या या पट्ट्यात पावसाळाभर दगड ओलाच राहतो, त्यामुळे त्या खळीवर बुरशी धरते. आपला बेसाल्ट कणखर खरा, पण त्यातही बारीक छिद्रे आणि सांधे असतात. पुढे हा थर काढायचा म्हणून कोणी वाळूचा झोत मारला, तर गुलालाबरोबर छिन्नीची धारही जाईल. अंबाबाईच्या मूर्तीचे २०१५ साली रासायनिक संवर्धन करावे लागले. झीज झाल्यानंतरचे उपाय किती नाजूक असतात, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको.

सासनकाठी_कऱ्हाड

आमच्या गावची काठी चैत्री पौर्णिमेला डोंगरावर येते. काठी नाचवताना एकाच्या कमरेशी सगळा भार असतो आणि बाकीचे चहूबाजूंनी दोर ताणून तोल सांभाळत असतात. त्या वेळी वरून पडणारा गुलाल आणि खोबरे हाच आमचा मान आहे, त्यामुळे गुलाल कमी करा हे ऐकायलाच आम्हाला जड जाते. तरीही खरे ते सांगतो. पायाखालच्या फरशीवर पाणी सांडून गुलालाचा चिखल झाला की काठीवाल्याचा पाय सरकतो आणि काळजात धस्स होते. दुसरे असे की, भिंतीवरच्या गुलालापेक्षा मला रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या अधिक सलतात. त्या दवण्याच्या काड्यांबरोबर गटारात जाऊन बसतात आणि पाणी तुंबते. करवीरकरांनी त्याबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही.

करवीरकर

पिशव्यांचा मुद्दा माझ्याकडून राहिला, हे खरे. आमचीही एक पिशवी त्यांत असण्याची शक्यता आहे. डोंगरवाडीकर, मी संग्रहालय मागत नाही. देवळाचे बांधकाम हीसुद्धा कुणीतरी केलेली सेवाच आहे, आणि एका भक्ताची सेवा दुसऱ्याने झाकून टाकू नये, असे माझे म्हणणे आहे. काळा_पाषाण यांनी खळीबद्दल लिहिले ते वाचल्यावर तर मला वाटते की, पाकाळणीला पाणी मारण्याआधी सुका गुलाल मऊ कुंच्यांनी झाडून घेतला, तरी अर्धे काम होईल. त्यासाठी कोल्हापुरातून माणसे लागली, तर मी आणि मुलगा येऊ.

डोंगरवाडीकर

कुंच्याची सूचना चांगली आहे, ती मी पुजाऱ्यांच्या कानावर घालीन. मात्र भिंती वगळा, हे मला आजही मान्य नाही. यात्रेच्या गर्दीत हवेत उडालेला गुलाल वाऱ्याबरोबर शिखरापर्यंत जातो, त्याला कोण अडवणार? पाकाळणीला येणार असाल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला या. सकाळी गर्दी सुरू झाल्यावर कुंचा फिरवायला जागा मिळत नाही.